गाळातली चरखी

शफी मिस्त्रीला गोल कापता येत नाही, हे परळीत स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. बाकी माणूस हाताचा पक्का. शिलाई मशीन आणा, पितळी स्टोव्ह आणा, फवारणीचा पंप आणा, संध्याकाळपर्यंत चालतं करून देणार. पण पंपासाठी चामड्याचा वायसर कापायला बसला की तो एका बाजूला चपटा झालाच म्हणून समजा. डाव्या अंगठ्याचं पेर पोरवयातच कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं. चामडं नेमकं तिथं पकडीतून सुटायचं आणि कात्री गोल वळायच्या ऐवजी सरळ निघून जायची. गिऱ्हाईक हसायचं, "मिस्त्री, ह्यो वायसर हाय का चपाती?" शफी वर न बघता म्हणायचा, "आत गेल्यावर कोन बघतंय बे? दाब धरतो का न्हाई तेवडं बोल." दाब धरायचा, त्यामुळे पुढं बोलायला कुणाला जागा उरायची नाही.

रेशनवरचं रॉकेल बंद झालं आणि स्टोव्ह माळ्यावर गेले. शिलाई मशीनला मोटर आली, ती बिघडली की लोक सरळ नवी घेऊन येतात. शफीची टपरी उघडायची, पण उघडून करायचं काय, असा प्रश्न असायचा. घर चालायचं ते मुलाच्या, जावेदच्या, कमाईवर. जावेद वीज केंद्रातल्या राखेची गाडी चालवायचा, आसपासच्या वीटभट्ट्यांना आणि कधीकधी पार हैदराबादेपर्यंत. घरात माणसं मोजकीच. शफी, त्याची बायको आमिनाबी, जावेद आणि त्याची बायको शाईस्ता. खाऊनपिऊन बरं चाललं होतं. फक्त जावेदला एक नाद होता, आणि नाद तरी कसला, तर मासे धरायचा! ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात माणसं टँकरमागं घागरी घेऊन पळतात, तिथं या पठ्ठ्याला गळ टाकून बसायची हौस. असतात अशी माणसं, त्याला इलाज नाही.

हैदराबादच्या जुमेरात बाजारातून तो एक जुनी विलायती चरखी घेऊन आला होता. काठीला लावायची, मूठ फिरवली की दोर गुंडाळून घेणारी. तिच्या पुढच्या टोकाला एक बटण होतं. ते आवळलं की दोर जड सुटायचा, सैल केलं की हलका. "मासा वढायला लागला की त्याला वढू द्यायचं, पन फुकट वढू द्यायचं न्हाई," असं तो शाईस्ताला समजावून सांगायचा, आणि ती बिचारी ऐकून घ्यायची. त्या बटणाखालच्या चकत्या झिजून गेल्या होत्या. तसले सुटे भाग परळीत कुठले मिळायला? शफीनं स्टोव्हच्या पंपाचा एक वायसर भिजवला, ठोकून सपाट केला आणि त्यातून चकती कापून आत बसवली. अर्थात एका बाजूला चपटी. जावेद पोट धरून हसला. "अब्बा, मासा बी वळखील की चरखी कुनाच्या घरची हाय."

जुम्म्याची नमाज झाली की तो ओसरीत जुना पेपर पसरून ती चरखी उघडायचा. आधी पुढचं बटण, मग दोराचं रीळ, मग मूठ, मग पोटातले दात्रे, म्हणजे दातेरी चाकं. रॉकेलनं धुवायची, पुसायची, मशीनचं तेल थेंबथेंब सोडायचं. शाईस्ता शेजारी बसून ओंजळीत स्क्रू धरायची. आमिनाबी आतून ओरडायची की मेल्या, रॉकेलचा वास चुलीवरच्या सालनात उतरला. या घरातला तो सगळ्यात सुखाचा वेळ होता असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला गाडीमालकानं जावेदला कामावरून कमी केलं. मग तो रोजच धरणावर जाऊन बसायला लागला. शफीनं चार दिवस पाहिलं आणि एकदा जेवताना तोंड सोडलं. "मासे धरून घर चालतं व्हय बे? दुसऱ्याच्या पोरांकडं बघ जरा." जावेदनं ताट सारलं. "मग जातो हैदराबादला. परत तोंड न्हाई दाखवत." दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सगळ्यांचा डोळा लागला असताना तो निघून गेला. पिशवी घरातच होती. काठी आणि चरखी मात्र नव्हती. फोन लावला तर बंद.

स्टेशनसमोरच्या चहावाल्यानं त्याला हैदराबादच्या गाडीत चढताना पाहिलं असं गल्लीत कुणीतरी बोललं. शफी जाऊन विचारून आला, तर चहावाला म्हणाला, "तसाच होता कुनीतरी, चाचा." आमिनाबीला तेवढं बास झालं. पोरगा हैदराबादेत आहे, रागात आहे, राग उतरला की येईल. पिशवी कशी नेली नाही? रागात जाणारा माणूस कपडे भरत बसतो का! चरखी कशाला नेली? विकून तिकीट काढायला. तिच्याकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. शफी ठाण्यात जायला निघाला तर दारात आडवी झाली. "पोरगं रुसून गेलंय. त्याचं नाव पोलिसात कावून घालता?"

हिवाळ्यात नेकनूरला तिच्या भाचीचं लग्न होतं. शाईस्ता म्हणाली, मी येत नाही. आमिनाबीनं ऐकलं नाही. तिनं सुनेच्या अंगावर लग्नातला लाल जोडा चढवला, हातांवर मेंदी काढायला लावली आणि मनगटं भरून हिरव्या बांगड्या घातल्या. "माझा पोरगा जिता हाय. त्याच्या बायकोचे हात उघडे कावून ऱ्हातील?" लग्नात बायका शाईस्ताकडं बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. ती परत आली ती पाठ दुखते म्हणून भिंतीकडं तोंड करून निजली. तिच्या माहेरचेही एव्हाना विचारायला लागले होते की आमची पोरगी नेमकी कोण समजायची, सुहागन का बेवा? एकदा शफीला पाणी देताना ती हळूच म्हणाली, "अब्बा, काय बी आसू द्या, पन मला कळू द्या. ह्ये मधलं मला सोसंना." शफीनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. 'परत तोंड दाखवत नाही' हे वाक्य दिवसातून कितीदा त्याच्या कानात वाजायचं ते त्याचं त्याला माहीत.

उन्हाळ्यात धरण आटलं. जिथं पुरुषभर पाणी होतं तिथं गाळाला भेगा पडल्या आणि बुडालेल्या बाभळींचे बुंधे उघडे झाले. त्यातल्याच एका बुंध्यापाशी माणसाची हाडं निघाली. गावभर बोभाटा झाला. पोलिसांनी पंचनामा केला, हाडं तपासणीला पाठवली. पण जुळवायची कुणाशी? ज्यांचं माणूस हरवलं होतं त्यांनी तक्रारच दिली नव्हती. आमिनाबीनं बातमी ऐकली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आसंल कुनी बिचारा. अल्लाह त्याच्या आईला सबर देवो." 

पुढच्या जुम्म्याला दुपारी धोंडीराम भोई घरी आला. धरणावर जाळं टाकणारा हा माणूस, जावेदची आणि त्याची तिथंच ओळख. बगलेत गोणपाटाची गुंडाळी होती. ती त्यानं ओसरीच्या कडेला ठेवली, पण स्वतः टेकला नाही.

"मिस्त्री, एवडी साफ करून ठिवा. तेलपानी करा."

गुंडाळीत गाळानं लिंपलेली एक चरखी होती. मूठ वाकलेली, दोराचा गुंता, त्यात शेवाळाच्या वाळक्या दशा.

"कुठं घावली?"

"त्याच बाबळीपाशी. हाडं दिसली न्हवती तवर. मंग पोलीस आलं, म्या भ्यालो. घरातच झाकून ठिवली."

"धोंडीराम, जावेदचीच हाय का ही?"

धोंडीराम गल्लीकडं बघत राहिला. "दिसाया समद्या सारक्याच आस्त्यात, शफीभाई. आत काय हाय ते तुमालाच कळंल." एवढं बोलून तो चपला पायात सरकवत निघून गेला.

त्याला सगळं कळलेलं होतं, फक्त तोंडानं सांगायचं बळ नव्हतं. म्हणून त्यानं ते काम बापाच्या हातात दिलं. याला दुष्टपणा म्हणावं का चांगुलपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शफीनं ओसरीत पेपर पसरला. आमिनाबी बाजेवर तांदूळ निवडत होती. तिनं एक नजर टाकली. "जावेदची बी अशीच होती."

"सगळ्या अशाच आसतात."

"कुनाची हाय?"

"गिऱ्हाइकाची."

शाईस्तानं न विचारता आतून रॉकेलची बाटली आणली. जुन्या साठ्यातलं थोडं रॉकेल शफीनं जपून ठेवलं होतं. ती त्याच्या शेजारी बसली, नेहमीच्या जागी, आणि ओंजळ पुढं केली.

शफीनं पहिल्यांदा दोर कापून काढला. मग ओल्या फडक्यानं वरचा गाळ पुसला. मूठ गच्च बसली होती, तिच्या बुडाशी रॉकेल सोडून तो थांबला, हलकेच ठोकलं, पुन्हा थांबला. मूठ निघाली. पोटाच्या झाकणाचे स्क्रू गंजले होते, एकाचं डोकं झिजलेलं, ते कानस मारून काढावं लागलं. झाकण उघडलं तसा आतून काळा चिखल ओघळला आणि घरभर धरणाचा वास सुटला. शाईस्तानं मान फिरवली नाही. शफीनं दात्रे एकेक करून काढले, दात घासायच्या जुन्या ब्रशनं त्यांच्या खाचा घासल्या, वाटीत रॉकेल ओतून बुडवून ठेवले. छर्र्यांचा छोटा गाडा, म्हणजे बेअरिंग, बोटावर फिरवून पाहिला, तो अजून फिरत होता. दोर जिथून घसरतो ती चिमुकली फिरकीसुद्धा त्यानं कापसानं पुसली. आयुष्यात कुठल्या यंत्राची इतकी सेवा केली नसेल त्यानं. पण पुढच्या बटणाला त्यानं बोट लावलं नाही. दोराचं रीळ त्यानं बटणासकट तसंच काढून बाजूला ठेवलं होतं, पेपरच्या पार टोकाला.

शाईस्तानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "अब्बा, ते तर हे बटन आदी काडायचे."

"हां."

"तुमी समदं केलं. हेच ऱ्हायलं."

आमिनाबीच्या सुपाचा आवाज थांबला होता.

"काडा," शाईस्ता म्हणाली.

शफीनं रीळ हातात घेतलं. बटण जाम होतं. त्यानं फडक्यात धरून पिळलं तसं ते कुरकुरत सुटलं. आत तारेची कडी होती, ती चिमट्यानं ओढली. एक पोलादी चकती निघाली. तिच्याखाली चामडं होतं, काळं पडलेलं, पाण्यानं फुगलेलं. चिमट्यात धरून त्यानं ते उजेडाकडं केलं. एका बाजूला चपटं होतं.

त्यानं मूठ मिटली. माणसाच्या मनात काय काय येतं! त्याला वाटलं, म्हणावं की कंपनीचीच चकती आहे. म्हणावं की नाही, आपली नाही ही. आमिनाबी पुन्हा तांदूळ निवडायला लागेल, रात्रीची भाकरी होईल, उद्या पुन्हा हैदराबादची गाडी येईल. एवढंच तर बोलायचं होतं. पण शाईस्ताची ओंजळ त्याच्यासमोर होती, स्क्रूंनी भरलेली, आणि ती डोळ्याची पापणीही न लववता वाट बघत होती. शफीनं मूठ उघडून ती चकती त्या स्क्रूंवर ठेवली.

शाईस्ता रडली नाही. तिनं फक्त ओंजळ छातीशी धरली.

आमिनाबी बाजेवरून उतरली. तांदूळ सांडले, त्याकडं तिनं पाहिलंही नाही. "इकली आसंल त्यानं!" ती म्हणाली. "स्टेशनावर इकली आसंल. घेनारा बुडाला. चरखी तुमची, हाडं कुनाची बी आसतील." तिचा आवाज चढला. "तुमीच त्याला घरातनं घालवलं. आता तुमीच त्याला मारताय!" आणि ती आत गेली. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

शफीनं त्यानंतर काय केलं असेल? चरखी जोडली. दात्र्यांना ग्रीसचा पातळ हात दिला, गाड्याला तेलाचा थेंब सोडला, वाकलेली मूठ ऐरणीवर सरळ केली, शाईस्ताच्या ओंजळीतून चकती आणि स्क्रू घेऊन होते तिथं परत बसवले. आता हे कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. हातात घेतलेलं काम अर्धं टाकायचं नसतं, एवढंच त्या हातांना माहीत होतं. जोडून झाल्यावर त्यानं मूठ फिरवली. चरखी आवाज न करता फिरली, आणि तेव्हा तो बांध फुटल्यासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तो धोंडीरामला घेऊन ठाण्यात गेला. जमादारानं चरखी हातात घेऊन दोनदा फिरवली. "कुठं घावली म्हनता? गाळात? मंग ही तर शोरूममदली वाटायली." शफीनं खरं ते सांगितलं. जमादार कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अहो चाचा, पुरावा होता ह्यो! माती, गंज, समदं तसंच ठिवायचं आस्तंय. धुऊन कावून टाकलं?" शफी खाली मान घालून उभा राहिला. मळकं यंत्र गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नसतं, हे ठाण्यात सांगण्यासारखं कारण नव्हतं. "आत माझा वायसर हाय, साहेब," तो म्हणाला. जमादारानं मान हलवली. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं शफीचं रक्त तपासणीला पाठवायची व्यवस्था केली आणि बसायला खुर्ची दिली.

पाऊस पडून धरणात पुन्हा पाणी चढलं तेव्हा रक्त जुळल्याचा निरोप आला. हाडांचं लहानसं गाठोडं मिळालं. कफन मात्र पुऱ्या मापाचं घेतलं, कारण कमी मापाचं मागायला शफीची जीभ रेटेना. जनाज्याला गल्लीतली माणसं आली, धोंडीरामही लांब उभा होता. आमिनाबी तसबीह हातात धरून भिंतीला टेकून बसली होती, मणी मात्र सरकत नव्हते. पोरगा हैदराबादेत आहे असं ती आता म्हणत नव्हती, आणि मेला असंही म्हणत नव्हती.

दफन करून शफी घरी आला तेव्हा शाईस्तानं हातातल्या बांगड्या उतरवून ठेवल्या होत्या. आतल्या खोलीचा एक कोपरा झाडून, चटई टाकून, साधे धुतलेले कपडे घालून ती इद्दतीला बसायची तयारी करत होती. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं, साजशृंगार करायचा नाही, बाहेर पाऊल टाकायचं नाही. शेजारच्या बायका तिच्या भोवती होत्या. कधीपासून कधीपर्यंत मोजायचं ते विचारून घ्यावं म्हणून शफीनं मौलानांना सोबत आणलं होतं.

मौलाना पडद्याबाहेर बसले, दुआ केली, गळा साफ केला. "इद्दत मौतीच्या दिवसापासनं मोजतात, शफीभाई. कळल्या दिवसापासनं न्हाई. पोरगं घरातनं गेलं त्याच सुमाराला गेलं आसंल तर मुलीची इद्दत हिवाळ्यातच पुरी झाली. आता तिच्यावर बसायची सक्ती न्हाई. अल्लाह आसानी करनार." चहा न घेता ते उठून गेले.

बायकांना हायसं वाटलं. एकजण म्हणालीसुद्धा, "सुटलीस गं बाई! येवडे महिने कोंडून घ्यायचं वाचलं. वय हाय तुजं, आता घरच्यांनी पुडचं बगावं." वाईट बोलायचं म्हणून नव्हती बोलली ती. जिभेला हाड नसतं माणसाच्या, दुसरं काय.

शाईस्ता चटईवर अर्धी बसलेली होती, ती तशीच राहिली.

"हिवाळ्यात?" ती म्हणाली. "म्हंजी मी नेकनूरला मेंदी लावून बसले होते, तीच माजी इद्दत?"

बायका चटईकडं बघायला लागल्या.

"लाल जोडा घालून?" तिनं सासूकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "ते तर सरलं म्हनतात. मंग मी रडू कवा, अम्मी?"

दारात उभ्या असलेल्या शफीला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. कळू द्या म्हणाली होती पोरगी, ते त्यानं कळवलं होतं. कळता कळता तिच्या दुःखाचे दिवसच निघून गेले होते, आणि ते कुणालाच परत देता येत नव्हते.

आमिनाबी भिंतीचा आधार घेत उठली. "जावा समद्या आपापल्या घरी," ती बायकांना म्हणाली. त्या पदर सावरत बाहेर पडल्या. मग कित्येक दिवसांनी तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"तुमी बी भाईर थांबा."

शफी उंबऱ्याबाहेर झाला. आमिनाबीनं स्वतःच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, सुनेच्या बांगड्यांशेजारी ठेवल्या आणि चटईवर तिच्याजवळ बसली. "मौलाना मोजतात ते बरूबरच आसंल," ती म्हणाली. "तू बस. मी बी बसते. म्या कुटं रडलेय त्याला आजून?" मग तिनंच पुन्हा उठून दार आतून लावून घेतलं.

थोड्या वेळानं आतून रडण्याचा आवाज आला. आधी एकीचा, मग दोघींचा, आणि मग कोण कुठली ते ओळखू येईना. गल्लीतून कुणीतरी सलाम करत गेलं. शफीनं वालेकुम सलाम म्हटलं आणि कुणी आत जाऊ नये म्हणून दाराला पाठ लावून उभा राहिला.